१९७४ ची पद्मिनी पीयूसीत नापास. कार्बोरेटर खोलू की व्हिंटेज नोंदणी घेऊ?

कोथरूड_११००:

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, पहिली नोंदणी १९७४, पेट्रोल, १०८९ सीसी, इंजिन मूळचंच. सोलेक्स बनावटीचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग), पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग). पुण्यात खासगी नोंदणी, जुना तीन अक्षरी नंबर. वापर रविवार सकाळपुरता, कधी लोणावळ्यापर्यंत.

या वेळी पीयूसीत नापास झाली. मोजलेले आकडे: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.८ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) ९८० पीपीएम (दहा लाखांत ९८० भाग). नापास पावतीवर मर्यादा छापली आहे सीओ ०.५ आणि एचसी ७५०. केंद्रवाल्याचं म्हणणं, जुन्या गाड्यांचं आता काही खरं नाही. गॅरेजवाला म्हणतो इंजिन बोअर करा (झिजलेले सिलिंडर कापून मोठे करा), नाहीतर सीएनजी किट बसवा. आरसीची मुदत अडीच महिन्यांत संपते आहे.

विचारायचं ते असं: १) ०.५ टक्के सीओ या गाडीला शक्य तरी आहे का? २) नक्की काय उघडायचं आणि कुठल्या क्रमाने? ३) गाडीला पन्नास वर्षं झाली, तर व्हिंटेज नोंदणी घेऊन हा ससेमिरा सुटेल का?

नियम_११५:

तुमच्या पावतीतच अर्धं उत्तर आहे. ०.५ आणि ७५० ही मर्यादा तुमच्या गाडीची नाहीच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११५ पाहा. आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) चार चाकी पेट्रोल गाड्यांसाठी, भारत स्टेज या उत्सर्जन मानकांप्रमाणे, तीन पायऱ्या आहेत:

भारत स्टेज २ च्या आधीच्या गाड्या: सीओ ३.० टक्के, एचसी १५०० पीपीएम.
भारत स्टेज २ आणि ३: सीओ ०.५ टक्के, एचसी ७५० पीपीएम.
भारत स्टेज ४ आणि पुढे: सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम, शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) १ च्या अगदी जवळ.

म्हणजे खऱ्या मर्यादेला लावलं तर तुमचा एचसी (९८०) पास आहे. नापास आहे तो फक्त सीओ, आणि तोही ४.८ वरून ३ च्या खाली आणायचा आहे, ०.५ वर नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) नसलेल्या कार्बोरेटरच्या इंजिनाकडून आयडलिंगला ०.५ मागणं म्हणजे मिसिंग (सिलिंडर मध्येच न पेटणं) मागणं आहे. तेवढं लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) केलंत तर सीओ खाली येईल, पण अर्धवट जळलेलं पेट्रोल बाहेर पडून एचसी दोन हजारांवर जाईल.

चुकीची मर्यादा कुठून आली? केंद्रावरचं सॉफ्टवेअर गाडीची माहिती 'वाहन' प्रणालीतून उचलतं. जुन्या आरसी पुस्तकावरून बॅकलॉग एंट्री करताना (जुनी नोंद संगणकात चढवताना) उत्सर्जन मानकाच्या रकान्यात कुणीतरी काहीतरी भरून टाकलेलं असतं. परिवहनच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहनवर गाडीचा तपशील उघडा आणि तीन गोष्टी पाहा: इंधन, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्सर्जन मानक. मानकासमोर भारत स्टेज २ किंवा त्यापुढचं काही दिसलं, तर आरटीओकडे नोंद दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या. सोबत मूळ आरसीची प्रत, नापास पावती, चासी प्लेटचा फोटो. अर्जात एकच वाक्य पुरे: गाडीचं उत्पादन १९७४ चं असल्याने ती भारत स्टेज २ पूर्वीच्या वर्गात येते, नोंद त्याप्रमाणे करावी. त्याच अर्जात मोबाइल नंबरही तपासून घ्या. २०२१ पासून पीयूसीसाठी मालकाचा मोबाइल नंबर सक्तीचा आहे, आणि जुन्या नोंदींत तो बहुतेक वेळा नसतोच किंवा आधीच्या मालकाचा असतो.

नापास पावती फेकू नका. तीही २०२१ च्याच बदलात आली. ती दाखवून दुरुस्ती करून घेता येते, किंवा दुसऱ्या केंद्रावर पुन्हा मोजून घेता येतं.

एक गोष्ट मात्र खरी की आपला नियम जुन्या गाड्यांमध्ये भेद करत नाही. १९४८ ची मॉरिस असो की १९९८ ची मारुती ८००, दोघींना तोच ३ टक्क्यांचा आकडा. तो पाळता येतो, पण 'जुनी आहे म्हणून थोडं चालवून घ्या' याला नियमात जागा नाही. आणि पीयूसीशिवाय पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड दहा हजारांपर्यंत आणि लायसन्स तीन महिने अपात्र होऊ शकतं. तुमच्या वर्गाला पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते, वर्षाची फक्त स्टेज ४ आणि पुढच्यांना.

सोलेक्सवाला:

बोअर करायचं डोक्यातून काढा. बोअर झिजली तर तेल जळतं, निळा धूर येतो, एचसी चढतो. तुमचा एचसी ९८० आहे, हे कॉन्टॅक्ट पॉइंटच्या जुन्या इंजिनाला वाईट नाही. सीओ जास्त आणि एचसी मध्यम, याचा अर्थ एकच: आयडलिंगला मिश्रण रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) आहे, पण चारही सिलिंडर नीट पेटताहेत. याउलट सीओ कमी आणि एचसी जास्त असता, तर प्लग, पॉइंट, टाइमिंग (ठिणगीची वेळ) किंवा घट्ट टॅपेट (व्हॉल्व्हचा कमी गॅप) शोधायला सांगितलं असतं. दोन्ही भरपूर असते, तर इतकं रिच की मिसिंग होतंय.

शिवाय चाचणी फक्त आयडलिंगला होते हे ध्यानात ठेवा. त्या वेळी मेन जेट (गाडी पळताना पेट्रोल देणारं भोक) कामच करत नाही. त्यामुळे मेन जेट बदलून पीयूसी पास होत नाही, उलट घाटात गाडी गरम होते. काम आहे ते फ्लोट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी धरणारा तरंगता भाग), स्लो जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारं भोक), एअर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण लावणारा) आणि चोक (थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल देणारा) एवढ्यापुरतं.

पण थेट स्क्रूला हात लावू नका. क्रम असा ठेवा, कारण आधीची प्रत्येक गोष्ट बदलली की आयडलिंग बदलतं आणि नंतरचं सगळं पुन्हा करावं लागतं.

टॅपेट पहिले. थंड इंजिनवर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या गॅपला. एक्झॉस्टचा गॅप दर वेळी कमी होत असेल, तर व्हॉल्व्हची सीट खाली बसते आहे. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. जुन्या मऊ सीटना शिशाचा थर वंगणासारखा उपयोगी पडायचा. अशा वेळी गॅप लावून भागत नाही. कधीतरी हेड उतरवून कडक सीट घालावी लागते. पण हे एचसीचं दुखणं आहे, तुमचं आजचं नाही.

मग इग्निशन. पॉइंट साधारण ०.४५ मिमी, प्लग ०.६ मिमी. पॉइंटवर खड्डा आणि उंचवटा पडला असेल तर फीलर गेज खोटं सांगतं. पॉइंट बदला किंवा ड्वेल मीटर (पॉइंट किती वेळ मिटलेले राहतात ते मोजणारं) लावा. त्यानंतर टाइमिंग, कारण पॉइंटचा गॅप बदलला की टाइमिंग सरकतं.

आता चोक. डॅशबोर्डवरची नॉब पूर्ण आत आहे म्हणजे चोक बंद आहे असं धरू नका. बोनेट उघडा आणि कार्बोरेटरवरचा लिव्हर हाताने मागे ढकलून पाहा. दोन-तीन मिमी जरी मागे गेला, तरी इंजिनाला कायम थोडं जास्तीचं पेट्रोल मिळत होतं. केबल गंजते, वाकते, किंवा क्लॅम्प चुकीच्या जागी आवळलेला असतो. केबल सोडा, लिव्हर पूर्ण मागे बसवा, नॉब एक-दोन मिमी बाहेर ठेवून क्लॅम्प आवळा, म्हणजे थोडी ढील राहते.

एअर फिल्टर काढून एकदा इंजिन चालवा. आवाज आणि आरपीएम लगेच सुधारले तर फिल्टर चोंदलाय.

फ्लोट. इंजिन गरम, आयडलिंगवर, फिल्टर काढलेला. टॉर्च लावून कार्बोरेटरच्या घशात पाहा. मधल्या नळीतून आयडलिंगला पेट्रोलचा एकही थेंब पडता कामा नये. ठिबकत असेल तर फ्लोटची पातळी वर आहे किंवा नीडल व्हॉल्व्ह (फ्लोटने बंद होणारी पेट्रोलची झडप) गळतोय. फ्लोट काढून कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. नीडल व्हॉल्व्हखालचा वॉशर बघा. या सोलेक्सवर पातळी त्या वॉशरच्या जाडीनेच ठरते: जाड वॉशर म्हणजे व्हॉल्व्ह लवकर बंद, पातळी खाली. कार्बोरेटर किटमध्ये आलेला कुठलाही वॉशर टाकून दिला की पातळी बिघडते. जुना वॉशर व्हर्नियरने मोजून त्याच जाडीचा घाला.

स्लो जेट काढून पेट्रोलमध्ये धुवा, कॉम्प्रेसरने फुंका. तार घालू नका, भोक मोठं झालं की ते जेट गेलंच. जेटइतकंच महत्त्वाचं त्याच्या शेजारचं हवेचं छिद्र. ते मळानं बुजलं की हवा कमी आणि मिश्रण रिच. लोक जेट चकचकीत करतात आणि हे छिद्र विसरतात.

शेवटी एअर स्क्रू. वीस मिनिटं गाडी चालवून इंजिन पूर्ण गरम करा, उभ्या उभ्या नाही. स्क्रू हलक्या हाताने आत बसवा (दाबून आवळलात तर टोकाला खाच पडते आणि पुढे कधीच नीट लागत नाही), मग दीड फेरा बाहेर. या कार्बोरेटरवर स्क्रू आत म्हणजे लीन, बाहेर म्हणजे रिच. स्कूटर आणि बाइकच्या बऱ्याच कार्बोरेटरवर हे उलटं असतं, तिथली सवय इथे लावू नका. थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा आवरणाऱ्या पातीच्या) स्क्रूने ७५० ते ८०० आरपीएम धरा. एअर स्क्रू पाव-पाव फेरा आत घेत जा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. इंजिन जिथे जरा अडखळायला लागेल तिथून पाव फेरा बाहेर. आरपीएम पुन्हा ८०० ला आणा, परत एकदा तेच करा. गॅस अ‍ॅनालायझर असलेल्या गॅरेजमध्ये हेच करत २ ते २.५ टक्क्यांवर थांबा. अगदी २.९ वर सोडलंत तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नापास.

नियम_११५:

वर भर घालतो. पावतीवर किंवा मशीनच्या पडद्यावर सीओ२ (कार्बन डायऑक्साइड) चा आकडा दिसत असेल तर तो पण लिहून घ्या. धड इंजिनमध्ये सीओ आणि सीओ२ मिळून साधारण १४-१५ टक्के भरतात. बेरीज ९-१० येत असेल, तर सायलेन्सरच्या जोडातून हवा आत शिरते आहे किंवा मशीनची नळी सायलेन्सरमध्ये पुरेशी आत घातलेली नाही. नळी किमान ३०० मिमी आत गेली पाहिजे. काही जण मुद्दाम सायलेन्सरला भोक ठेवतात किंवा नळी टोकालाच धरायला सांगतात. कागद मिळतो, पण तुमच्यासारख्याला ज्या आकड्यावर ट्यूनिंग करायचं तोच खोटा ठरतो.

कोथरूड_११००:

फार उपयोग झाला. तपासलेलं सांगतो. एम-परिवहनवर उत्सर्जन मानकासमोर 'भारत स्टेज २' आहे, म्हणजे नोंद चुकीचीच. चोकचा लिव्हर हाताने मागे ढकलल्यावर चारेक मिमी गेला, केबल बदलली. फ्लोट, वॉशर ठीक, घशात ठिबकत नाही. अडचण आता अशी की एअर स्क्रू पूर्ण आत बसवला तरी इंजिन बंद पडत नाही, काही फरकच पडत नाही. स्क्रू गेलाय का?

सोलेक्सवाला:

स्क्रू नाही, थ्रॉटलची पाती जास्त उघडी आहे. स्क्रूच्या छिद्राच्या थोडं वर पातीच्या काठाशी आणखी छोटी छिद्रं असतात, ती गाडी आयडलिंगवरून उचलताना पेट्रोल देण्यासाठी. थ्रॉटलचा स्क्रू जास्त आवळून पाती उघडी ठेवली की ही छिद्रं आयडलिंगलाच उघडी पडतात. मग इंजिन त्यांच्यावर चालतं आणि एअर स्क्रूला विचारत नाही. सीओ चार-पाच टक्के येण्याचं हे चोकइतकंच नेहमीचं कारण.

पाती जास्त का उघडावी लागली ते आधी शोधा. बहुतेक वेळा टाइमिंग मागे असतं, त्यामुळे इंजिन नीट टिकत नाही आणि मिस्त्री थ्रॉटल स्क्रू आवळून आरपीएम भरून काढतो. टाइमिंग बरोबर लावल्यावर आरपीएम आपोआप शंभर-दोनशेने वर जाईल. तेव्हा थ्रॉटल स्क्रू पूर्ण सैल करा, लिव्हरला जेमतेम टेकेपर्यंत आत घ्या, मग अर्धा फेरा. इथून एअर स्क्रूला जीव येतो.

तरीही टिकत नसेल तर हवा चोरटी येते आहे. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधलं पॅकिंग, मॅनिफोल्डचे नट, आणि थ्रॉटलची दांडी जिथून बाहेर येते ते बुश. इतक्या जुन्या कार्बोरेटरवर दांडीला बोटाने हलवलं तर खेळ जाणवतोच. कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा एकेका जागी मारा, आरपीएम बदलले की गळती तिथे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारीच तापलेला असतो, त्यामुळे फवारा अगदी थोडा आणि आग विझवायचं साधन हाताशी. बुश खराब असेल तर लेथवर नवा करून मिळतो, नवा कार्बोरेटर घ्यायची गरज नाही. बाजारात मिळणारे नवे नकली कार्बोरेटर जुन्या झिजलेल्यापेक्षा वाईट निघतात.

आणखी एक, हे फारसं कुणी पाहत नाही. गाडी फक्त रविवारी थोडी चालते ना? थंड इंजिनला चोकवर मिळालेलं पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि छोट्या फेरीत ते पुन्हा उडून जात नाही. ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) पाइप एअर क्लीनरला जोडलेला असेल, तर ती वाफ आयडलिंगला पुन्हा इंजिनात येते आणि सीओ वाढवते. अ‍ॅनालायझर लावलेला असताना ब्रीदर पाइप काढून बघा. सीओ लगेच अर्धा-पाऊण टक्का उतरला तर कार्बोरेटरला दोष देऊ नका, ऑइल बदला. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर अ‍ॅनालायझरचीही गरज नाही.

पीयूसीला जाताना लोणावळा नाही, पण अर्धा तास तरी सलग चालवून जा. रांगेत पंधरा मिनिटं आयडलिंगवर उभी राहिली की प्लगवर काजळी बसते. नळी घालण्याआधी अर्धा मिनिट २५०० आरपीएमवर धरा, मग आयडलिंगला स्थिर होऊ द्या.

ठाण्याची_येझदी:

मध्येच विचारतो, दोन चाकीला हेच लागू का? १९८३ ची येझदी, टू-स्ट्रोक. एचसी ९६००, सीओ ३.१.

सोलेक्सवाला:

३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला मर्यादा वेगळी आहे: सीओ ४.५ टक्के, एचसी ९००० पीपीएम. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण थोडं तसंच एक्झॉस्टमधून निसटतं, म्हणून एचसीला इतकी मोकळीक. तुमचा सीओ ठीक आहे, म्हणजे कार्बोरेटरला हात नको. एचसीसाठी सायलेन्सरमधली जाळीची नळी बाहेर काढून काजळी जाळा-खरवडा आणि एक्झॉस्ट पोर्ट साफ करा. अंदाजाने बाटलीभर टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल ओतू नका, मापाने घाला. प्लगचा कॅप बदला. गिअर ऑइलची पातळी कारणाशिवाय उतरत असेल आणि धूर पांढरा, दाट असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय आणि इंजिन गिअर ऑइल पितंय. मग वरवरचं काही करून उपयोग नाही, सील बदलावंच लागेल.

लंडन_माटुंगा:

इथली पद्धत सांगतो, तुलनेसाठी. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २० मे २०१८ पासून वार्षिक एमओटी (गाडी रस्त्यालायक आहे का याच्या) चाचणीतूनच सूट आहे, आणि त्याआधीही १ ऑगस्ट १९७५ पूर्वीच्या गाडीचा धूर फक्त डोळ्यांनी बघत. १९७५ ते १९८६ च्या गाड्यांना सीओ ४.५ टक्के, एचसी १२००. म्हणजे तुमच्या पद्मिनीची १९७६ ची बहीण इथे सूट येण्याआधीही ४.४ टक्क्यांवर पास झाली असती, पुण्यात नापास. लंडनच्या अल्ट्रा लो एमिशन झोनमध्येही (जास्त धुराच्या गाड्यांकडून पैसे घेणारा भाग) ४० वर्षांवरच्या ऐतिहासिक वर्गातल्या गाडीला पैसे पडत नाहीत. भारतातही असा वयाचा टप्पा हवा असं माझं मत.

नियम_११५:

मत पटण्यासारखं आहे, पण भारतात वयाच्या टप्प्याला वापराचं बंधन जोडलंय, आणि मूळ प्रश्नातला तिसरा मुद्दा तिथेच अडतो.

जुलै २०२१ च्या अधिसूचनेने व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली. अटी: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल न केलेला. अर्ज फॉर्म २० मध्ये, सोबत विमा आणि जुनी आरसी, परदेशातून आणलेली असेल तर बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, नव्याने नोंदणाऱ्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर.

पण रस्त्यावर आणायची मुभा कशासाठी? प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, आणि त्यासाठी येणं-जाणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती. रोजच्या वापराला नाही. तुमची रविवारची लोणावळ्याची फेरी यात बसत नाही. पीयूसी टाळायला म्हणून ही नोंदणी घेणं हा वाईट सौदा आहे: पाव फेरा एअर स्क्रूचं काम वाचवायला गाडीचं चालणंच गहाण टाकायचं. गॅरेजमध्ये उभी राहणारी, वर्षाला दोन रॅलींना जाणारी गाडी असेल तर जरूर घ्या.

आणि कधीतरी घ्यायचीच असेल, तर गॅरेजवाल्याचं सीएनजीचं बोलणं आजच नाकारा आणि दुसरं इंजिनही बसवू नका. बदललेलं इंजिन म्हणजे पात्रताच गेली. जुन्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर घेणाऱ्यांनीही हे बघावं. कित्येकींत डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर अजून पेट्रोलच लिहिलेलं. अशी गाडी ना पीयूसीला धड, ना पुनर्नोंदणीला. त्याचप्रमाणे दिल्लीची जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून उडी मारणाऱ्यांनी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची आठवण ठेवावी. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना रस्ता बंद झाला. नोंदणी रद्द झालेल्या गाडीवर ना हरकत प्रमाणपत्र मिळवणं म्हणजे डोकेदुखी, त्यामुळे पैसे देण्याआधी ते हातात घ्या.

महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी वयाची बंदी नाही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या त्या टॅक्सीच्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे, खासगी गाड्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर अजून तेच फिरतं.

तुमच्या पुनर्नोंदणीचं आता. आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज घेतात, त्यामुळे नोंद दुरुस्ती आणि पीयूसी आत्ताच उरका, दोन्ही एकमेकांवर अडकतात. २० वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर शुल्क १०,००० रुपये आहे. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर पाच वर्षांचा एकरकमी. तपासणीला जाताना चासी नंबर गंज काढून, तेलाचा हात देऊन वाचता येईल असा करा, पेन्सिलचा छाप घेतात. इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हँडब्रेक चालू हवेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते, तीही बसवून घ्या, नाहीतर खिडकीवरून परत पाठवतात.

सोलेक्सवाला:

पेट्रोलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण थोडं लीन होतं. पीयूसीसाठी हे सोयीचं, सीओ जरा उतरतो. रस्त्यावर मात्र गाडी चढावर अडखळू लागते. तेव्हा मेन जेट एक माप मोठं घालायला हरकत नाही, आधी सांगितल्याप्रमाणे आयडलिंगच्या चाचणीला त्याचा संबंध येत नाही.

खरा त्रास रबराला. पंपाचा डायाफ्राम, काळे होस, नीडल व्हॉल्व्हचं टोक फुगतं किंवा चिकट होतं. फुगलेलं टोक नीट बसत नाही, फ्लोटची पातळी चढते आणि सहा महिन्यांपूर्वी २.२ वर लावलेला सीओ पुन्हा ४ वर दिसतो. इथेनॉल चालणारा होस आणि व्हायटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) टोकाचा नीडल व्हॉल्व्ह घाला. टाकीच्या आतला जुना थर सुटून फिल्टरमध्ये येतो, म्हणून पहिल्या दोन टाक्यांना पारदर्शक फिल्टर लावून ठेवा आणि रंग बघत राहा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं. एकतर पूर्ण भरा, नाहीतर रिकामी करा, आणि उभी करताना कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवून इंजिन बंद करा.

कोथरूड_११००:

थ्रॉटल स्क्रूचंच निघालं. टाइमिंग बरंच मागे होतं. ते लावल्यावर पाती जवळजवळ बंद झाली, एअर स्क्रू दीड फेऱ्यावर बसला. गॅरेजच्या अ‍ॅनालायझरवर सीओ २.३, एचसी ८६०, सीओ२ १२.४. ब्रीदर पाइप काढला तर सीओ १.९. म्हणजे ऑइलही बदलायचं. नोंद दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. व्हिंटेजचं तूर्त बाजूला ठेवतो.

नियम_११५:

अर्जाची पोच घेतली असेल तर पुढच्या पीयूसीला ती सोबत न्या, पण दुरुस्ती पोर्टलवर दिसेपर्यंत चाचणी करू नका. पोच पाहून केंद्रवाल्याला मर्यादा बदलता येत नाही, मशीन पुन्हा ०.५ लाच तोलेल.